दहा मिनिटांची बस

ताई त्या दिवशी नाक्यावर किती वेळ उभी होती? हे मला कुणीच सांगितलं नाही. बस आली नाही म्हणून ती कामाला चालत निघाली आणि एका मोटारीखाली सापडून गेली.

शहरातल्या मोटारी कमी व्हाव्यात म्हणून त्यांच्यावर कर बसला होता. त्या पैशातून आमच्या वाडीला बस मिळाली होती, पण कागदावरच. वाहतूक अधिकारी खानविलकर चौकशीला नाक्यावर आले, तेही मोटारीतून. म्हणाले, "बस दर दहा मिनिटांनी येते. तुझी बहीण उगाच घाईनं निघाली."

माझं डोकं फिरलं. "मग बस येईपर्यंत थांबा साहेब. गाडीची चावी माझ्याकडे द्या."

"घे. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," ते हसले.

ऊन डोक्यावर आलं. साहेब घामाघूम झाले. "दोन तास झाले, चावी दे."

"बस अजून आली नाही साहेब. म्हणजे तुमच्या हिशेबानं दहा मिनिटंही झालेली नाहीत."

भोवती जमलेल्या वाडीतलं कुणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घालून बस डेपोला फोन लावला.

सोमवारी बस आली. पूर्वी जत्रेला जाताना मी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ताईची जागा धरायचो. तसाच तिचा रुमाल आत टाकला आणि चालत घरी आलो.