सुगरणींचे हार

पाखरंही कार्यक्रम करायची, त्या काळची गोष्ट. वादळात नदीकाठच्या सुगरणींची घरटी गेली, पिल्लं उघड्यावर पडली. मोरांच्या मदत मंडळाने घरट्यांसाठी गवताचे भारे आधीच पाठवले आणि कळवलं, "परवा वाटपाचा समारंभ. आम्ही दहाही पदाधिकारी येतोय."

"पाहुण्यांना हाराशिवाय बसवायचं? बरं दिसेल का ते?" म्हातारी सुगरण म्हणाली. दोन दिवस सगळ्या खपल्या. आलेल्या गवताचे दहा जाड हार झाले, उरलेल्याची कमान झाली.

समारंभात अध्यक्ष मोराने गळ्यातला हार कुरवाळला. "काय सुबक विणता हो! मग पिल्लांना असं उघड्यावर का ठेवलंय?"

"गवत संपलं, साहेब."

"एवढंच ना? पुन्हा पाठवू," मोर म्हणाला. "आणि त्या वाटपाला वीस जण येऊ!"