दाबून धरलेले बटण

एकदा एक साड्यांचा व्यापारी, संगणक दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गुरुजींच्या दुकानात शिरला, तो भांडतच शिरला. आदल्या दिवशी त्याने आपला संगणक दुरुस्तीला टाकला होता. यंत्र सुरू होई, पडद्यावर चिन्ह उमटे, की बंद. मग आपोआप पुन्हा सुरू, पुन्हा बंद. साड्यांच्या साऱ्या नक्ष्या त्यातच होत्या आणि नक्षीवाचून माग थांबले होते. नक्ष्या काढणारा धाकटा भाऊ मुकुंद वाटणीवरून भांडून वेगळा झाला होता. त्याच्याकडे प्रती मागायच्या नाहीत, अशी व्यापाऱ्याने शपथच घेतली होती.

"मदरबोर्ड जाळलात माझा!" तो गुरुजींच्या शिष्यावर ओरडला.

शिष्यही काही कमी तापट नव्हता. मेमरी, सेल, वीजपुरवठ्याचा डबा, सगळे त्याने बदलून पाहिले होते. "तुम्ही आणलात तेव्हाच गेलेला होता तो," असे म्हणत त्याने बटण कचकन दाबले. यंत्र सुरू झाले आणि बंद पडले.

"सरक! ह्याला असंच लागतं. घरी रोज हेच करतो." व्यापाऱ्याने त्याच बटणावर मूठ हाणली.

राग वाईट, राग वाईट असे घोकणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. ज्याचे माग थांबले, त्याने काय हसत यावे? गुरुजींनाही हसू आले नव्हते. "हात मागे घ्या, दोघंही!" ते कडाडले.

मग त्यांनी यंत्राची पेटी उघडली आणि बटणाकडून बोर्डात येणाऱ्या दोन बारीक तारा उपटून टाकल्या.

"गुरुजी, बटणच तोडलंत? आता सुरू कसं होणार?" शिष्य चिडला.

गुरुजींनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बोर्डावर त्या तारा जिथे होत्या, त्या दोन पिनांना टेकवले आणि तत्क्षणी उचलले. यंत्र सुरू झाले, आणि या खेपेस सुरूच राहिले.

"बोर्ड धडधाकट आहे," गुरुजी शिष्याला म्हणाले. "ठोसे खाऊन बटण आत अडकलं होतं. ज्या बटणानं यंत्र सुरू होतं, तेच दाबून धरलं की बंद पडतं, हे तुला ठाऊक आहे. तू सगळं तपासलंस, फक्त तुझं बोट जिथं होतं तेवढं सोडून. आणि शेठ, राग येतो आणि राग धरतात, असे दोन्ही शब्द आपल्याकडे आहेत. येतो तो आपोआप. त्यानं माणूस बोलायला लागतो, लागावंच. धरतो ते मात्र आपण."

"आधी करायचो हो मी मुकुंदला फोन," व्यापारी फणकारला. "पहिल्याच वाक्याला वाटणी निघायची, की मी फोन आपटायचो."

पडद्यावर मुकुंदने काढलेले मोर एकामागून एक उमटत होते. व्यापाऱ्याने ते पाहिले आणि फोन लावला.

"आता आणखी काय हवंय?" मुकुंदचा आवाज दुकानभर ऐकू आला.

व्यापाऱ्याची मूठ वळली. मग सुटली. "तुझे मोर सापडले रे," तो म्हणाला. "आता तू बोल. मी ऐकतो."

पलीकडून मुकुंद बराच वेळ भांडत राहिला. व्यापाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला होता, पण त्याने फोन ठेवला नाही. शिष्याने अडकलेले बटण नखाने हलकेच वर काढले.