नदीकाठच्या टाळ्या

फार फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीत लहान लहान राज्यं नांदत होती, तेव्हाची ही गोष्ट. अधूनमधून या साऱ्या राज्यांची एक शर्यत होई. आधी नदी पोहून जायची, मग घोड्यावरून माळ ओलांडायचा आणि शेवटी पायी डोंगर चढायचा. माथ्यावर एक नगारा होता. जो पहिला पोचेल त्याने आपल्या राज्याचा ठोका वाजवायचा. प्रत्येक राज्याचा ठोका निराळा, त्यामुळे कोण जिंकलं ते खाली गावोगाव कळे.

नदीकाठच्या गावात एका नावाड्याची मुलगी होती. पोहण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. मागच्या शर्यतीत राजाने आपल्या राज्याकडून तिलाच धाडलं होतं. ती पाण्यातून सगळ्यांच्या आधी बाहेर आली आणि डोंगरावर सगळ्यांच्या शेवटी पोचली. राजाने तिला आणखी एकच संधी दिली.

मुलगी जिद्दीला पेटली. रोज सकाळी नदीत उतरू लागली. गाव काठावर जमे आणि टाळ्या वाजवी. तिला बरं वाटे. कुणाला नाही वाटणार?

एक दिवस एक म्हातारा काठावर येऊन बसला. तो पूर्वी राजाचा जासूद होता, निरोप घेऊन डोंगरदऱ्यांतून पायी धावायचा. तो काही टाळ्या वाजवेना.

"आजोबा, माझं पोहणं आवडलं नाही का?" मुलीने विचारलं.

"छान पोहतेस की! पण पोरी, नगारा काय नदीत आहे?"

मुलीने मान खाली घातली. "घोड्यावरून उतरले की माझे पाय लटपटतात. डोंगरावर माझी फार फजिती होते."

"मग रोज तिथेच जा. घोड्यावरून उतरलीस की थांबू नकोस, चढायला लाग. होऊ दे फजिती. तिथे बघायला आहे कोण? आणि नदीतच सगळा जीव ओतू नकोस, डोंगरासाठी राखून ठेव."

मुलगी जाऊ लागली. पडली, गुडघे फुटले, एकटीच बसून रडलीसुद्धा. गावातले लोक म्हणत, "नदी सोडून डोंगरात कशाला तडमडतेय ही?"

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं. मुलगी बेताने पोहली आणि पाण्यातून चौथी बाहेर आली.

"झालं! घालवली गावाची अब्रू," म्हणत लोक घरी गेले.

तिकडे माळ संपला. सगळे घोड्यांवरून उतरले आणि ज्याचे त्याचे पाय लटपटू लागले. मुलीच्या पायांना मात्र हे रोजचंच होतं. एकेकाला मागे टाकत ती चढत राहिली.

गावात चुली पेटत होत्या, तोच नगारा घुमला. लोकांनी कान टवकारले. ठोका आपलाच होता! सगळे धावत बाहेर आले आणि डोंगराकडे बघून टाळ्या वाजवू लागले. पण इतक्या उंचावर त्या ऐकू जाणार कशा?

माथ्यावर मुलगी नगाऱ्याला टेकून धापा टाकत होती. समोर, पहाटेच डोंगर चढून आलेला म्हातारा जासूद उभा होता. त्याने पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि मग, पहिल्यांदाच, टाळ्या वाजवल्या.

तेव्हा बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: जे येतं त्याने कौतुक मिळतं, पण जे येत नाही ते शिकल्यानेच माणूस पुढे जातो.