आमदारांच्या गाडीची रबरं

उन्हाने पांढुरक्या पडलेल्या स्पोर्ट्स कारच्या बाहेरच्या पट्ट्या आणि काचांची रबरं इक्बाल मुजावरने काळीभोर करून दिली होती. महिन्यात ती पुन्हा विटली, तसे आमदार घुगरे गाडी बाहेर लावून चार माणसं घेऊन गॅरेजात शिरले. दाराशी गर्दी जमली.

“माझी गाडी नासवलीस! चल चौकीत, आत सडवतो तुला.”

इक्बालने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. याच माणसांनी शेजारच्या पंक्चरवाल्याचा हात मोडला होता.

“चला, साहेब,” तो कसाबसा म्हणाला. “पण गाडी कुणाची म्हणून सांगायची? काल सभेत तुम्ही म्हणालात, माझ्याकडे सायकलीशिवाय वाहन नाही. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.”

घुगऱ्यांनी गर्दीकडे पाहिलं.

“कुणाची रे ही गाडी?” ते आपल्याच माणसांवर खेकसले आणि पायी चालू लागले.