कड्यावरचा दोर

पूर्वी काशीनगरीत सुनंद राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने मध काढणाऱ्यांच्या टोळीत जन्म घेतला आणि वयात आल्यावर तो टोळीचा नायक झाला. त्या रानात उंच कड्यांना आग्या मोहोळे लागत. एक जण दोराच्या फासात पाय अडकवून खाली उतरे आणि नायक कड्यावर बसून तो दोर धरी. दोर हातात असताना नायकाशी कोणी बोलायचे नाही, अशी रीत होती. त्याचे लक्ष ढळले तर खालचा माणूस जायचा. खालच्याने दोराला हिसका दिला की त्याला वर ओढून घ्यायचे, एवढीच काय ती दोघांची भाषा.

पण दोर खाली ठेवल्यावरही त्याच्याशी कोणी बोलेनासे झाले. तो शेकोटीकडे येताना दिसला की हसणे थांबे. माणसे सरकून त्याला ऐसपैस जागा देत, आणि ऐसपैस जागेत माणूस एकटाच बसतो. लहानपणी त्याच्याबरोबर एका पानावर जेवलेला सोमिलसुद्धा आता त्याला ‘नायक’ म्हणे. बोधिसत्त्वाला याचे फार वाईट वाटे.

मागच्या हंगामात पूर्णक नावाच्या गड्याने अर्ध्यातूनच हिसका दिला होता. तो रिकाम्या हाताने वर आला तेव्हा बोधिसत्त्व सगळ्यांदेखत म्हणाला होता, “मोहोळ पाहूनच पाय लटपटले वाटते.” सगळे हसले. तेव्हापासून अर्ध्यातून कोणीच हिसका दिला नाही. आपली माणसे धीट झाली, असे समजून नायक खूश होता.

त्या वर्षी राजाचा निरोप आला : युवराजाच्या अभिषेकाला लागेल तेवढा मध पुरवा, कड्याखालचे रान तुम्हाला कायमचे देऊ. शेवटचे मोठे मोहोळ काढायला सोमिल उतरला. थोड्या वेळाने बोधिसत्त्वाच्या हातातला दोर थरथरू लागला. हिसका मात्र येईना. खाली हाक पोचत नव्हती. अजून थोडे थांबावे, रान हातचे जाऊ देऊ नये, असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होते. बोधिसत्त्वाने दोर ओढायला सुरुवात केली.

सोमिल वर आला तेव्हा त्याचे तोंड सुजले होते आणि दोन्ही हात बधिर झाले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्याची पकड सुटली असती.

“हिसका का नाही दिलास?” बोधिसत्त्वाने विचारले.

“नायक, पूर्णकाला तुम्ही काय बोललात ते मी ऐकले होते. त्यापेक्षा पडलो असतो तरी चालले असते.”

राजाचा दूत आला तेव्हा बोधिसत्त्व एवढेच म्हणाला, “मध पुरा झाला नाही. चूक माझी आहे, माणसांची नाही.” रान गेले. त्या संध्याकाळी शेकोटीजवळ त्याला नेहमीपेक्षा जास्तच जागा मिळाली.

सोमिलची सूज उतरल्यावर एका सकाळी बोधिसत्त्वाने दोर पूर्णकाच्या हातात दिला आणि स्वतः फासात पाय घातला. कडा उतरून त्याला बरीच वर्षे झाली होती. माशा उठल्या, खालची दरी दिसली आणि त्याची छाती धडधडू लागली. त्याने हिसका दिला. पूर्णकाने त्याला वर ओढून घेतले.

“मी घाबरलो,” सगळ्यांपुढे रिकामे हात घेऊन तो म्हणाला. “पूर्णका, त्या दिवशी तू बरोबर केलेस. मी चुकलो.”

कोणी हसले नाही. सोमिलने पाण्याचे भांडे पुढे केले. “फार घाबरलास का रे?” त्याने हळूच विचारले. बोधिसत्त्वाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा नायक होता. तो आला की शेकोटीजवळचे हसणे थांबे, ते पुढेही थांबतच राहिले. कड्यावर दोर धरून तो एकटाच बसे. पण आता भीती वाटली की खालून हिसका येई, आणि त्याच्या हयातीत त्या कड्यावरून कोणी पडले नाही.

नव्या भिक्षूला चारचौघांत टोचून बोललेल्या एका वडील भिक्षूला ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, “तेव्हाचा सोमिल म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. ज्याला तू काल हसलास, तो हा भिक्षू तेव्हा पूर्णक होता. आणि त्याला हसणारा नायक मीच होतो.”

आपली भीती आपल्याच माणसांपुढे कबूल करणे, हीही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.