राजेसाहेबांची चौकड्याची भाकरी

"बाळंभटा, आजवर तू मला फसवलंस!" सुपलगडचे राजे भुजंगराव ताटावरून ओरडले.

आचारी बाळंभटांच्या हातातली पळी खाली पडली. "मी? काय चुकलं, महाराज?"

"ज्वारीच्या भाकरीबरोबर तू कायम शेंगदाण्याची चटणी वाढलीस. बाजरीबरोबर कायम ठेचा! पण ज्वारीची जोडी तिळाच्या चटणीशीच उत्तम जमत असेल तर? नाचणीची लसणाशी? मला कसं कळणार? प्रत्येक भाकरी प्रत्येक चटणीबरोबर चाखायचीय मला. आत्ता!"

झालं! मुदपाकखान्यात धावपळ उडाली. ज्वारीची भाकरी घेऊन एक वाढपी निघाला, की त्याच्यामागे शेंगदाणा, लसूण, तीळ, कारळं, जवस आणि ठेचा अशा चटण्यांची वरात. ती वरात राजेसाहेबांभोवती फिरून परत जायची आणि बाजरीची भाकरी घेऊन पुन्हा पहिल्यापासून फिरायची. नाचणीची पाळी येईपर्यंत लसूणवाला जवसवाल्यावर आदळला, तांदळाची भाकरी गारठून पत्रा झाली आणि मक्याची कुणीतरी भलत्यालाच वाढली.

सारखी मान फिरवून राजेसाहेबांना घेरी आली. पागोटं कढीत पडलं.

"थांबा!" ते गरजले. "फेरीच्या आत फेरी, तिच्या आत आणखी फेरी! हे जेवण आहे की भोंडला? बाळंभटा, उद्या दुपारी सगळ्या जोड्या माझ्यासमोर एकदम हव्यात. गरमागरम! एकही सुटता कामा नये, आणि माझ्याभोवती कुणी एकही फेरी मारायची नाही. जमलं नाही, तर परवापासून तू हत्तीखान्यात!"

हत्तीखान्याचं नाव काढताच बाळंभटांनी दोन्ही हातांनी शेंडी धरली. मागच्या दसऱ्याला हत्तीनं त्यांची शेंडी गवत समजून ओढली होती. तेव्हापासून नुसता चीत्कार ऐकला तरी ते माळ्यावर चढून बसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुलीपुढे डोकं धरून बसले होते. तेवढ्यात कोष्ट्याची मुलगी भिवरा मुदपाकखान्यासाठी विणलेले नवे पंचे घेऊन आली.

"काका, डोळे का लाल? कांदा चिरलात?"

"कांदा कसला पोरी, नशीब चिरलं गेलंय!" बाळंभटांनी सगळी हकिकत सांगितली. "इतक्या जोड्या एकदम कशा वाढू? मला काय रावणासारखे हात आहेत?"

भिवरानं हातातल्या चौकड्याच्या पंच्याकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली.

"काका, हा लाल-पिवळा चौकडा दिसतोय ना? आम्ही काय एकेक चौकोन वेगळा विणतो? आधी सगळ्या रंगांचं उभं सूत ताणून घेतो. मग एकेक रंग आडवा घालत जातो. चौकोन आपोआप होतात!"

"मग?"

"मग काय! गुऱ्हाळातली काहील मागवा. मोठ्ठी!"

"काहील? अगं, भाकरी करायचीय, गूळ नाही!"

"तुम्हाला काहील जड वाटते की हत्ती?"

बाळंभट उठून पळतच गेले.

दुपारी चार गडी मुदपाकखान्यातून दरबारात सरळ चालत आले. त्यांच्या खांद्यांवर एक फळी होती आणि फळीवर वाफाळती भाकरी. केवढी? राजेसाहेबांनी तिच्यावर लोळण घेतली असती तरी पाय बाहेर आले नसते! गड्यांनी फळी सिंहासनापुढे खाली ठेवली.

राजेसाहेबांनी ती पाहिली आणि त्यांच्या मिश्या फुरफुरल्या. "मी सगळ्या जोड्या मागितल्या आणि तुम्ही एकच भाकरी आणलीत?"

बाळंभट खांबाआड सरकले. भिवरा पुढे झाली.

"नीट बघा, महाराज. उभे पट्टे पिठांचे आहेत. पांढरीशुभ्र तांदळाची, तिच्याशेजारी ज्वारी, मग बाजरी, नाचणी आणि ही पिवळी मक्याची. मळलेल्या पिठांचे पट्टे शेजारी शेजारी लावून एकत्र थापलेत. आणि आडव्या रेघा चटण्यांच्या. एका चटणीची एकच रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बोट ठेवाल तिथं जोडी!"

"असं? बाजरी आणि कारळं?"

"हे बघा, इथं."

"नाचणी आणि लसूण?"

"तिच्या शेजारी, दोन रेघा वर."

राजेसाहेबांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. डोळे मिटले, मान डोलली. मग मका आणि ठेचा खाल्ला आणि कानांतून धूर निघाल्यासारखे "हा हा हा" करत पाण्याचा तांब्या रिकामा केला. पण हट्ट जाईना.

"एखादी जोडी नक्की सुटली असेल!"

"सुटेल कशी, महाराज? आडव्या रेघेला पलीकडच्या कडेला जायचं, तर प्रत्येक उभा पट्टा ओलांडावाच लागणार. उडी मारायला तिला पाय कुठे आहेत?"

दरबारी फिदीफिदी हसले. राजेसाहेबांनी त्यांच्यावर डोळे वटारले.

"आणि फेऱ्या किती मारल्यास?"

"एकही नाही. जे काय फिरायचं, ते तुमच्या बोटानं!"

आणखी एक घास चावता चावता राजेसाहेबांना एकदम काहीतरी सुचलं. ते ताडकन उभे राहिले.

"हं! पण समजा, मला या प्रत्येक जोडीवर लोणी पण हवं, दही पण हवं आणि तेल पण हवं! तेही सगळं वेगवेगळं! उभी बाजू संपली, आडवी बाजू संपली. आता कुठे ठेवशील?"

खांबाआडून बाळंभटांचा हुंदका ऐकू आला.

भिवरानं भाकरीकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं.

"वर जागा आहे की, महाराज! अशाच तीन भाकऱ्या करू. खालचीवर लोणी, मधलीवर दही आणि वरचीवर तेल. एकीवर एक रचू. मागाल ती जोडी मागाल त्या थरात मिळेल. आणि तिन्ही एकदम चाखायची असतील, तर थेट वरून खालपर्यंत घास घ्या. आमची तयारी आहे, तुम्ही फक्त तोंड तेवढं उघडा!"

राजेसाहेबांनी नकळत तोंड उघडून किती उघडतं ते पाहिलं. बोटांनी मापलंसुद्धा! मग आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते असे खदाखदा हसले की पोट धरून सिंहासनावरून घसरले आणि थेट भाकरीवर बसले.

"महाराज, ज्वारी आणि तीळ!" भिवरा ओरडली. "तुम्ही ज्वारी-तिळावर बसलात!"

"जागा उत्तम आहे!" राजेसाहेब हसता हसता म्हणाले. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून भिवराच्या ओंजळीत ठेवला, तिच्या बापाला नवा सागवानी माग द्यायचा हुकूम सोडला आणि बाळंभटांना खांबाआडून ओढून आणून शेजारी, बाजरी-लसणावर बसवलं.