टिचकी, आधी दात!

सोपान कुंभाराच्या अंगणात, भिंतीतल्या बिळात, एक उंदरी राहायची. एवढीश्शी. नाव तिचं टिचकी.

सकाळी उठली की टिचकीला कामंच कामं. मिशा विंचरायच्या, सुई सुई. शेपटी पुसायची, सर्र सर्र. कान झाडायचे, फट फट. आणि दातांना धार लावायची. उंदरांना हे रोज करावंच लागतं बरं का. नाहीतर दात बोथट होतात.

आई रोज सांगायची, "टिचकी, आधी दात, मग बाकी."

टिचकी म्हणायची, "हो गं, नंतर." आणि पुन्हा मिशा विंचरत बसायची. दिसायची मात्र छान हं!

एके दिवशी तिला एक शेंग मिळाली. भुईमुगाची. टपोरी, तीन दाण्यांची. टिचकीने ती फोडायला घेतली. फुटेना. फुटणार कशी? दात बोथट ना! शेंग तोंडातून सटकली. गडगड गडगड गेली आणि मोठ्या रांजणाखाली अडकली.

झालं! पोटात कावळे ओरडतायत आणि शेंग ती एकच. टिचकीला रडूच आलं. मिशा ओल्या झाल्या. मग तिने त्या पुन्हा विंचरल्या.

तुरुतुरु तुरुतुरु टिचकी गेली गाढवोबाकडे.

"गाढवोबा, गाढवोबा, रांजण हलव.
शेंग मला मिळेना."

"मी नाही हलवत जा. पाठीवर मातीची गोणी आहे. आधी ती उतरू दे."

तुरुतुरु तुरुतुरु टिचकी गेली सोपानदादाकडे. तो चाक फिरवत होता, गरगर गरगर.

"सोपानदादा, सोपानदादा, गोणी उतरव.
गाढव रांजण हलवेना,
शेंग मला मिळेना."

"मी नाही उतरवत जा. हात चिखलाने बरबटलेत. आधी यमुनाला पाणी आणू दे."

यमुना म्हणजे त्याची बायको. तुरुतुरु तुरुतुरु टिचकी गेली यमुनावहिनीकडे.

"यमुनावहिनी, यमुनावहिनी, पाणी दे.
दादा गोणी उतरवेना,
गाढव रांजण हलवेना,
शेंग मला मिळेना."

"मी नाही देत जा. कडेवर बाळ रडतंय. आधी ते गप्प होऊ दे."

टिचकीने मान वर केली, अगदी वर.

"बाळा, बाळा, गप्प हो.
वहिनी पाणी देईना,
दादा गोणी उतरवेना,
गाढव रांजण हलवेना,
शेंग मला मिळेना."

बाळ म्हणालं, "भ्यँऽऽ! दुदू!"

त्याला एवढंच बोलता यायचं. पण टिचकीला सगळं समजलं. तुरुतुरु तुरुतुरु ती गेली शेळीकडे.

"शेळीताई, शेळीताई, दूध दे.
बाळ गप्प होईना,
वहिनी पाणी देईना,
दादा गोणी उतरवेना,
गाढव रांजण हलवेना,
शेंग मला मिळेना."

"मी नाही देत जा. मी खुंट्याला बांधलेली, पाला राहिला तिकडे. आधी हे दावं सुटू दे."

दावं म्हणजे तिच्या गळ्यातली दोरी. टिचकी त्या दाव्यालाच म्हणाली,

"दाव्या, दाव्या, सूट.
शेळी दूध देईना,
बाळ गप्प होईना,
वहिनी पाणी देईना,
दादा गोणी उतरवेना,
गाढव रांजण हलवेना,
शेंग मला मिळेना."

"मी नाही सुटत जा. माझी गाठ पक्की. मला कुरतडावं लागतं. आधी कुणाचे तरी दात आण."

टिचकी निघाली दात शोधायला. दोन पावलं गेली. थांबली. तोंडात जीभ फिरवली.

अगंबाई! दात तर तिच्याच तोंडात होते. सगळं अंगण पालथं घातलं, आणि दात इथेच!

तिने दावं धरलं. गुळूगुळू, गुळूगुळू. दावं खुदकन हसलं. म्हणालं, गुदगुल्या होतायत.

टिचकी धावली फुटक्या खापराकडे. कुंभाराच्या अंगणात खापरांना काय तोटा? तिने दात घासले, खर्र खर्र, खर्र खर्र. मिशा विस्कटल्या. विस्कटू देत. शेपटीला माती लागली. लागू दे. कान झाडायला तर ती विसरूनच गेली.

मग आली परत. कुर्र कुर्र कट्!

दावं तुटलं. शेळीने पाला खाल्ला, करम करम. वहिनीने दूध काढलं, चुर्र चुर्र. बाळ दूध प्यायलं, गटगट गटगट, आणि गप्प झालं. वहिनीने पाणी दिलं. दादाने हात धुतले आणि गोणी उतरवली, धप्प. गाढवोबाने रांजण हलवला, हुश्श.

आणि शेंग आली बाहेर!

टिचकीने ती दातात धरली. कट्! एक, दोन, तीन दाणे. दोन टिचकीने खाल्ले. एक आईला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिळातून आवाज आला, खर्र खर्र, खर्र खर्र. आईने डोकावून पाहिलं. टिचकी दात घासत होती. एक मिशी वर, एक खाली, कानात कालचीच माती.

आई म्हणाली, "टिचकी, जरा मिशा विंचर गं."

टिचकी म्हणाली, "हो गं, नंतर."